कोंबडी कशाने मेली ते विचारा



फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील वेहळोली गावी एका पोल्ट्रीत शंभराच्या आसपास पक्षी अचानक मेले. नमुने तपासणीला गेले, बर्ड फ्लू निघाला, आणि एक किलोमीटरच्या परिघातील सुमारे २५ हजार पक्षी मारण्याचा निर्णय झाला. कल्याणहून कसारा लोकलने तासाभरात पोहोचता येईल असा हा तालुका. त्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीत एकच चर्चा सुरू झाली : आता चिकन खावे की नाही? वर्तमानपत्रांनी डॉक्टरांना विचारले, डॉक्टरांनी सांगितले की नीट शिजवून खा, आठ दिवसांत शहर विसरून गेले.

त्या एक किलोमीटरमध्ये शेडबाहेरच्या, डालग्याखाली झाकल्या जाणाऱ्या कोंबड्यांचे काय, हा प्रश्न शहराने विचारला नाही. नियमाला शेड आणि खुराडे यात फरक नसतो. परिघात आली की पाच हजारांची पोल्ट्रीही जाते आणि म्हातारीच्या चार कोंबड्याही जातात.

तुम्ही म्हणाल, आम्ही कापूस-ज्वारीवाले, आम्हाला ठाण्याची गोष्ट कशाला? सांगतो. वेहळोलीच्या एक वर्ष आधी, जानेवारी २०२१ मध्ये, हेच परभणी तालुक्यातील मुरुंब्याला घडले होते. तिथे दोन दिवसांत आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि ती पोल्ट्री बचत गटाची होती. त्याही आधी, फेब्रुवारी २००६ मध्ये, देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत पोहोचला. नंदुरबार, जळगाव, परभणी! ही गावे कपाशी-ज्वारीच्या पट्ट्यातली आहेत.

पण मला आज बर्ड फ्लूवर लिहायचे नाही. बर्ड फ्लू कधीतरी येतो आणि आला की कलेक्टर येतो, गाड्या येतात, पांढरे कपडे घातलेली माणसे येतात. मला लिहायचे आहे ते दरवर्षी येणाऱ्या आणि कोणालाच न आणणाऱ्या मरीवर. उन्हाळ्यात एका आठवड्यात अख्ख्या वस्तीची खुराडी रिकामी होतात. बाया म्हणतात, ‘मर आली.’ मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर जातात आणि विषय संपतो. कशाने मेली हे कोणी विचारत नाही, कारण विचारून उपयोग होतो हेच कोणी सांगितलेले नाही.

माझे म्हणणे एका वाक्याचे आहे. मेलेल्या कोंबडीच्या रोगाचे नाव कळणे हा चैनीचा विषय नाही, तो घरच्या बाईच्या कमाईचा प्रश्न आहे. आणि ते नाव एकट्या घराला कळणार नाही, वस्तीने मिळून विचारले तरच कळेल.

दहा कोंबड्यांचा हिशेब

आधी हिशेब मांडू, कारण हिशेबाशिवाय आपण बोलत नाही. धरून चला, एका घरी दहा गावरान कोंबड्या आहेत. गावरान कोंबडी वर्षाला साठेक अंडी देते, म्हणजे सहाशे अंडी. त्यातली निम्मी घरी खाल्ली आणि उबवायला ठेवली. उरलेली तीनशे दहा रुपयांनी विकली तर तीन हजार रुपये. उबवलेल्यांपैकी मांजर, मुंगूस, घार आणि रोग यांच्या तावडीतून वीस पक्षी वाढले आणि तीनशे रुपयांनी गेले तर सहा हजार. एकूण नऊ हजार. खाद्य म्हणजे घरचे खरकटे, खळ्यावरचे दाणे आणि उकिरड्यातले किडे. आता कोरडवाहू कपाशीच्या एका एकरात बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी वजा जाता काय उरते ते तुम्ही मनाशी मोजा आणि शेजारी हा आकडा ठेवा.

शिवाय कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि कृषी सेवा केंद्राच्या उधारीत जातो. अंड्याचा पैसा बाईच्या हातात येतो आणि हातातच राहतो. पोराची वही, एसटीचे तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी त्यातून निघते. मर आली की ही तिजोरी एका आठवड्यात लुटली जाते. बैल मेला तर गाव जमते, पंचनामा होतो. दहा कोंबड्या मेल्या तर बाई गप्प राहते, कारण नुकसान झाले हेच घरात कोणी मान्य करत नाही.

इकडे ठाणे-डोंबिवलीच्या बाजारात ‘गावरान’ म्हटले की अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा बराच चढा भाव मिळतो. आपल्याच जिल्ह्यांतून पोटासाठी तिकडे गेलेली माणसेही ते शोधत फिरतात. आपल्याकडून माल नियमित जात नाही, कारण आपले खुराडे दर वर्षाआड रिकामे होते. मग तपकिरी कवचाचे पोल्ट्रीचे अंडे गावरान म्हणून खपते. भाव आपल्या नावाचा आणि पैसा दुसऱ्याचा.

रोग बाजारातून पाटीत बसून येतो

मर आभाळातून पडत नाही. बहुतेक वेळा आपणच ती पैसे देऊन घरी आणतो.

मर येऊन गेली की बाई नवी पिल्ले घेते. कुठून? आठवडी बाजारातून, किंवा दारावर पाटी घेऊन येणाऱ्याकडून. मुरबाड-शहापूरच्या बाजारात जे दिसते तेच हिंगणघाटच्या आणि जिंतूरच्या बाजारात दिसते. गुलाबी, हिरवी, पिवळी रंगवलेली पिल्ले. स्वस्त आणि गोजिरवाणी. ही पिल्ले बहुधा अंड्यांच्या जातीतले नर असतात. अंड्याच्या धंद्याला नर नको असतो, म्हणून हॅचरीतून तो कवडीमोलाने बाहेर पडतो आणि रंग लावून आपल्या पोरांच्या हाती येतो. तो अंडी देणार नाही आणि अंगही धरणार नाही. त्याला लस टोचण्याचा खर्च कोणी केलेला नसतो. दुसरा माल म्हणजे शेडमधून काढलेल्या, अंडी संपलेल्या कोंबड्या. त्या येताना शेडमधला रोग घेऊन येतात. स्वतः मरत नाहीत, पण तुमच्या गावरान कोंबडीला मारतात.

तिसरा माल स्वप्नांचा. २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून उघडकीस आलेला कडकनाथ घोटाळा आठवा. पिल्ले आमच्याकडून घ्या, अंडी-कोंबड्या आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असे सांगून अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांकडून पैसे गोळा झाले. कडकनाथ ही झाबुआची चांगली, काटक जात. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. खोट जातीत नव्हती, करारात होती. त्याआधी २०१२ मध्ये तामिळनाडूत इमूचे हेच झाले होते. जिथे माल विकणाराच माल परत घेणारा असतो आणि खरा गिऱ्हाईक कोण हे कोणालाच दिसत नाही, तिथे पैसा नव्या शेतकऱ्याच्या खिशातून जुन्याच्या खिशात फिरत असतो. नवा शेतकरी मिळायचा थांबला की खेळ खलास.

म्हणून पिल्लू घेताना चार प्रश्न विचारा. पहिला : कोणत्या हॅचरीचे आणि कोणत्या दिवशी फुटलेले? दुसरा : जात कोणती? गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया, आर. आय. आर. या परसासाठीच्या जाती आहेत, अंडी गावरानपेक्षा जास्त देतात. पण यांतल्या बहुतेक खुडूक बसत नाहीत, म्हणजे पुढची पिढी घरी होणार नाही, पिल्ले पुन्हा विकत घ्यावी लागतील. जड जातीच्या कोंबडीला घारीपासून पळता येत नाही आणि मे महिन्याच्या दुपारी उष्म्याने ती आधी मरते. गावरान कमी देते, पण स्वतःला सांभाळते. आपल्या घरी कोण राखणीला आहे हे पाहून जात ठरवा. तिसरा प्रश्न : पहिल्या दिवशी मरेक्सची लस दिली का? ही लस हॅचरीतच द्यावी लागते, घरी आणून देऊन उपयोग नाही. चौथा : मानमोडीची लस केव्हा दिली आणि पुढची केव्हा? ज्याला या चार प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत त्याच्याकडून पिल्लू फुकटही घेऊ नका.

सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), कोल्हापूर आणि नागपूर येथे आहेत, जिल्ह्यांमध्ये सघन कुक्कुट विकास गट आहेत. ठाण्या-मुंबईकडच्यांसाठी गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. तिथली पिल्ले हवी तेव्हा मिळत नाहीत, आगाऊ नोंदणी करावी लागते. एकटी बाई दहा पिल्लांसाठी तिकडे जाऊ शकत नाही. वीस घरांनी मिळून दोनशेची मागणी नोंदवली तर एक माणूस जाऊन आणू शकतो.

एक दिवसाचे पिल्लू वाढवण्याची सोय नसेल तर चार आठवड्यांचे, लसी झालेले पिल्लू घ्या. महाग पडते, पण पहिल्या महिन्याचे मरण दुसऱ्याने सोसलेले असते. आणि कोठूनही आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवा. दाणा-पाणी वेगळे आणि आधी जुन्या कोंबड्यांचे करून मग नव्याकडे जायचे. रोग असेल तर या पंधरा दिवसांत बहुधा दिसतो.

मरण कसे वाचावे

आता निदान. तुम्ही डॉक्टर नाही हे खरे; पण पऱ्हाटी लाल पडली की ती पाण्याने पडली, तुडतुड्याने पडली की अन्नद्रव्य कमी म्हणून पडली हे तुम्ही ओळखता ना? ते कुठल्या कॉलेजात शिकलात? बघून शिकलात. कोंबडीकडे तसे बघितलेले नाही एवढेच. चार गोष्टी बघा : किती मेल्या, किती दिवसांत मेल्या, कोणत्या वयाच्या मेल्या आणि मरण्याआधी काय करत होत्या.

पहिल्या आठवड्यातच पिल्ले मेली तर तो रोग असेलच असे नाही. बहुतेक वेळा ती थंडीने मरतात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. पिल्ले बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे, बल्बपासून दूर पळून चोच उघडी ठेवली तर उकडते आहे, सारखी पसरली तर ठीक आहे. वीज गेली तर मडक्यात निखारे ठेवा, वर राख टाका, पण धूर कोंडू देऊ नका.

तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले पंख पाडून बसली, विष्ठेत रक्त दिसले आणि खालचा भुसा ओला असला तर ती रक्ती हगवण. हिला औषध आहे, वेळेवर दिले तर पिल्लू वाचते, आणि भुसा कोरडा ठेवला तर ती बहुधा येतच नाही.

तुऱ्यावर, डोळ्याभोवती, चोचीच्या कडेला खपल्या आल्या तर त्या देवी. डास पसरवतात. लहान पिल्ले दगावतात, मोठ्या बऱ्याचशा वाचतात. लस सहा-आठ आठवड्यांना पंखाच्या पडद्यात टोचतात.

दोन ते पाच महिन्यांची तलंग लंगडू लागली, एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडली, तर मरेक्सचा संशय घ्या. त्याला उपाय नाही, म्हणून तर हॅचरीला तिसरा प्रश्न विचारायचा.

आणि लहानमोठे सगळे पक्षी काही दिवसांत मेले, हिरवी पातळ हगवण, तोंड उघडून घरघर, काहींची मान पिळवटलेली, तर ती मानमोडी. इंग्रजी पुस्तकात तिचे नाव न्यूकॅसल असले तरी आपल्या सरकारी कागदावर ती ‘राणीखेत’ आहे, कारण १९२७ च्या सुमारास कुमाऊंतल्या राणीखेतला ती आपल्या देशात प्रथम ओळखली गेली. शंभर वर्षे होत आली. लस मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत १९४० च्या दशकात तयार झाली, तिलाही ऐंशीएक वर्षे झाली. ज्या रोगाचे नाव माहीत आहे, लस माहीत आहे, त्याच रोगाने आजही आपली खुराडी रिकामी होतात. याला मर म्हणायचे की दुर्लक्ष?

ही सगळी माहिती कुक्कुटपालनाच्या पुस्तकात सापडेल. पण कापूस-ज्वारीच्या गावात आणखी तीन मरणे असतात, ती शेडसाठी लिहिलेल्या पुस्तकात क्वचितच सापडतात. फवारणीच्या दिवसांत, जुलै ते ऑक्टोबर, कोंबड्या एका दिवसात पडल्या, तोंडातून लाळ, पाय लुळे, अंगाला थरथर, तर आधी विचारा : पंप कुठे धुतला? फवारलेल्या शेतातले किडे त्यांनी खाल्ले का? दुसरे, पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले रंगीत बियाणे. कपाशीचे असो की ज्वारीचे, कोंबड्यांपुढे टाकू नका. थायरम लावलेल्या दाण्याने पायात वाकडेपणा येतो आणि अंडी मऊ कवचाची पडतात. तिसरे, पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी. माणसाला नको म्हणून ती कोंबडीला जाते. पण बुरशीचे विष कोंबडीलाही विषच असते, पिल्लांना आणि बदकांना तर जास्तच. चांगली पांढरी ज्वारी मात्र उत्तम खाद्य आहे, मक्याऐवजी चालते. फक्त बलक फिका दिसतो, त्यासाठी हिरवा पाला द्या.

सरकी पेंड भरपूर खाणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो आणि अंडी ठेवली की पांढरे गुलाबी पडते. हा रोग नाही, सरकीतल्या गॉसिपॉलचा आणि तिच्या तेलाचा गुण आहे. पण डोंबिवलीच्या बाईने असे अंडे फोडले तर ती पुन्हा गावरान घेणार नाही. पेंड म्हशीला घाला.

कुपी शंभराची, कोंबड्या आठ

मग मानमोडीची लस का होत नाही? बाया अडाणी म्हणून? नाही. लस त्यांच्यासाठी बनलेलीच नाही म्हणून.

लासोटाची कुपी उघडली आणि पाण्यात कालवली की दीड-दोन तासांत संपवावी लागते. कुपी शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रांची. कारखान्यापासून कोंबडीच्या डोळ्यापर्यंत ती थंड राहिली पाहिजे. ज्याच्या शेडमध्ये पाच हजार पक्षी आहेत त्याला यात काहीच अडचण नाही. जिच्याकडे आठ कोंबड्या आहेत तिने शंभराची कुपी आणून ब्याण्णव मात्रा ओतून द्यायच्या काय? दर कोंबडीमागे लसीचा खर्च रुपया-दोन रुपयांचा. पण एकटीला तो पूर्ण कुपीचा आणि तालुक्याच्या खेपेचा पडतो. आणि एप्रिलच्या उन्हात पिशवीतून आणलेल्या कुपीत लस उरत नाही, नुसते पाणी उरते. मग टोचूनही कोंबड्या मेल्या की बाया म्हणतात, लसीने काही होत नाही. त्यांचे काय चुकले?

यावरचा उपाय आपल्याच हातात आहे. वस्तीने एक दिवस ठरवावा. आदल्या आठवड्यात घरोघर कोंबड्या मोजाव्यात. एकाने थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणावी. भल्या पहाटे, कोंबड्या सोडण्याआधी, प्रत्येक खुराड्यात जाऊन डोळ्यात एकेक थेंब घालावा. शंभर कोंबड्या तासा-दीड तासात होतात. लासोटा पहिल्या आठवड्यात, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी ची सुई. ती पशुवैद्यकाकडून किंवा शिकलेल्या माणसाकडून. उमेदच्या बचत गटांमधून पशुसखी तयार झाल्या आहेत, त्यांना हाताशी धरा. उन्हाळा लागण्याआधी, फेब्रुवारीत, एक फेरी झालीच पाहिजे. आजारी कोंबडीला लस देऊ नये, आणि मर सुरू झाल्यावर धावाधाव करून फारसा उपयोग नाही.

आणि दुसरी गोष्ट सरकारकडे मागायची. मोझांबिक आणि टांझानिया हे काही आपल्यापेक्षा श्रीमंत देश नाहीत. तिथे खेड्यातल्या कोंबड्यांसाठी आय-टू नावाची, उष्णता सोसणारी लस वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ती गरीब देशांसाठीच तयार केली. आपल्याकडे तामिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाने गोळ्यांतून खाऊ घालण्याची राणीखेतची लस काढली. पुण्याला आपल्या राज्याची स्वतःची लस तयार करणारी सरकारी संस्था आहे. तिने उष्णता सोसणारी लस पंचवीस-पन्नास मात्रांच्या लहान कुपीत प्रत्येक तालुका दवाखान्यात ठेवावी, ही मागणी अवास्तव आहे काय? अंड्यांच्या धंद्यातल्या उत्पादकांनी १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली आणि अंड्याचा दर आपण जाहीर करायला सुरुवात केली. मिळून मागणाऱ्याला मिळते, हे त्याच धंद्याने दाखवून दिले आहे.

लपवून नुकसान वाचत नाही

आता एक कडू गोष्ट. पहिली कोंबडी मेली की उरलेल्या पटकन बाजारात विकायची आपल्याकडे रीत आहे. मी तिला सहज नावे ठेवणार नाही. ज्या बाईचे सगळे भांडवल सुतळीने पाय बांधून पाटीत मावते, तिने चार पैसे वाचवू नयेत असे कोणत्या तोंडाने सांगायचे? पण ती कोंबडी ज्या घरी जाते तिथेही अशीच एक बाई असते. आणि मर संपल्यावर आपण त्याच बाजारात पिल्ले घ्यायला जातो, तेव्हा आपणच विकलेला रोग परत विकत आणतो.

कायद्याचीही बाजू समजून घ्या. २००९ च्या पशुरोग प्रतिबंधक कायद्यात राणीखेत आणि बर्ड फ्लू दोन्ही अनुसूचित रोग आहेत. संशय आला की मालकाने ग्रामपंचायतीला कळवायचे आणि तिथून पशुवैद्यकाला कळायचे अशी तरतूद आहे. बर्ड फ्लूच्या वेळी भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या राज्यात जाहीर झालेला दर आठ आठवड्यांवरील अंड्यांच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरील मांसल पक्ष्याला ७० रुपये आणि अंड्याला ३ रुपये असा होता. म्हणजे उशिरा कळवणाऱ्याच्या हाती काही पडत नाही, आणि त्या दराने लवकर कळवणाऱ्याच्या हाती बाजारात तीनशेला जाणाऱ्या गावरान कोंबडीचे नव्वद पडत होते. अशा दराने कोण आपणहून कळवील? सरकारला खरोखर रोग लवकर कळायला हवा असेल तर परसातल्या कोंबडीचा दर बाजाराला धरून ठरवला पाहिजे. ही भीक नाही, खबर देणाऱ्याचा तो रास्त मोबदला आहे.

एकदम पुष्कळ पक्षी मेले, तुरे-कल्ले निळे पडले, गावात कावळे-बगळेही मेलेले दिसले, तर हात लावू नका, कापू नका, पोरांना दूर ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. एरवी एक-दोन पक्षी मेले तर ताजा मेलेला पक्षी दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घालून, बर्फावर ठेवून, काही तासांत दवाखान्यात न्या आणि शवविच्छेदन मागा. मागा, कारण न मागता ते होत नाही. पुण्याला औंधला राज्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. ठाणे-कल्याणच्या लोकांना परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. ‘मर आहे, औषध नेऊन टाका’ म्हणून कृषी सेवा केंद्रातून मिळणारी पिवळी पुडी म्हणजे निदान नव्हे. मानमोडीच्या विषाणूला ती पुडी कळतही नाही, तुमचे पैसे तेवढे जातात.

पुढच्या बैठकीला येताना

जिल्हा बैठकीत आपण कापसाच्या भावावर बोलतो, बोललेच पाहिजे. पण या वेळी येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावात कोंबड्या असलेली घरे किती, कोंबड्या किती, गेल्या वर्षात किती मेल्या, कोणत्या महिन्यात, कोणत्या लक्षणांनी. हा कागद पुरुषांनी अंदाजाने लिहू नये. बायांना विचारून, शक्यतो त्यांनीच लिहावा आणि बैठकीत त्यांनीच वाचावा. वीस गावांचे वीस कागद एकत्र आले की लहान कुपीची, बाजाराला धरून भरपाईची आणि तालुक्याला तपासणीची मागणी आपोआप उभी राहते. आपल्या कोंबड्यांचे मरण आजवर कोणी मोजलेले नाही. मोजायची सुरुवात आपण करू.